पुरूची उमेदवारी

आयुर्विम्याचा हप्ता वयाबरोबर कां वाढतो, याचा विचार आपल्यापैकीं फारच थोडे लोक करतात. विमा उतरविणारा गृहस्थ कागदावर सही करतो, पांच वर्षें आधीं उतरविला असता तर बरें झालें असतें असें मनाशीं म्हणतो, आणि पावती कपाटांत ठेवून देतो. परंतु त्या हप्त्यांच्या कोष्टकामागें मानवी जीवनाचा एक कठोर नियम उभा आहे. बेंजामिन गोम्पर्ट्झ नांवाच्या लंडनमधील विमागणितज्ञानें तो १८२५ सालीं मांडला. तारुण्य ओलांडल्यावर मृत्यूचा संभव ठराविक गुणाकारानें वाढत जातो, हा तो नियम. पुढील काळांतील आकडे पाहतां हा संभव साधारणपणें दर आठ वर्षांनीं दुप्पट होतो. म्हणजे तीस वर्षांच्या तरुणाच्या मानानें सत्तर वर्षांच्या वृद्धाला त्या वर्षांत मरण येण्याचा संभव सुमारें बत्तीस पट असतो. विमा कंपन्यांच्या वहींत सांपडलेल्या या नियमाचें मूळ शरीरांत कोठें आहे, हें शोधण्याचें काम जीवशास्त्रानें खऱ्या अर्थानें अंगावर घेण्यास मात्र फार काळ लागला.

या विलंबाचें एक कारण असें कीं, म्हातारपण ही शोध घेण्यासारखी गोष्ट आहे असें फारसें कोणास वाटतच नव्हतें. ऊन तापतें, पाणी उतारानें वाहतें, माणूस म्हातारा होतो; यांत विचारावयाचें काय? दुसरें कारण थोडें विचित्र आहे. अलेक्सिस कॅरेल या नामांकित शास्त्रज्ञानें १९१२ सालीं कोंबडीच्या गर्भाच्या हृदयांतील पेशी कांचेच्या भांड्यांत वाढविण्यास आरंभ केला, आणि त्या कधींच मरत नाहींत अशी सर्वत्र समजूत झाली. कॅरेल स्वतः १९४४ मध्यें वारले. त्या पेशी १९४६ पर्यंत चालू ठेवण्यांत आल्या होत्या! तेव्हां पेशी मूळची अमर, ती शरीरांत गुंतली म्हणूनच मरते, असा सिद्धान्त रूढ झाला. कॅरेल यांना नोबेल पारितोषिक मिळालेलें. एवढ्या मोठ्या माणसाविरुद्ध निष्कर्ष हातीं आला तर आपलेंच कांहीं चुकलें असें समजून भांडीं धुवून ठेवण्याचीच सामान्य माणसाची प्रवृत्ति असते. १९६१ सालीं फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेंत लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनीं तसें केलें नाहीं. मानवी पेशी सुमारें पन्नास वेळां दुभंगतात आणि मग थांबतात, हें त्यांनीं दाखवून दिलें.

त्याआधीं दहा वर्षें, १९५१ सालीं, पीटर मेडावार यांनीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत दिलेल्या व्याख्यानांत या प्रश्नाची दुसरी बाजू उलगडली होती. रानांतला प्राणी म्हातारा होऊन क्वचितच मरतो; त्यापूर्वींच शत्रु, दुष्काळ, थंडी किंवा रोग त्याला गांठतो. अर्थात् उतारवयांत प्रकट होणारा दोष निसर्गाच्या निवडीच्या दृष्टीस जवळजवळ पडतच नाहीं. तोंवर तो पुढच्या पिढीच्या पदरांत पडून चुकलेला असतो. टॉमस कर्कवुड यांनीं १९७७ मध्यें या विचारास आणखी एक पुरवणी जोडली. शरीराची डागडुजी फुकट होत नाहीं. तिला खर्च लागतो, आणि तोच खर्च संततीसाठींहि हवा असतो. अकरा महिन्यांच्या करारानें राहणारा भाडेकरू घराचीं कौलें बदलून घेत नाहीं. गळक्या जागीं पत्र्याचा तुकडा सरकवतो आणि पैसे गांठीस ठेवतो. निसर्गहि आपल्या शरीरांत अशाच बेतानें राहतो.

मला यांतील शास्त्राइतकाच नीतीचा भाग महत्त्वाचा वाटतो. वृद्धांनीं तरुणांसाठीं जागा रिकामी करावी म्हणून निसर्गानें मृत्यूची योजना केली, असें ऑगस्ट वाइझमान यांनीं १८८१ च्या सुमारास सुचविलें होतें, आणि सुशिक्षित समाजांत हा विचार अजूनहि फार लोकप्रिय आहे. तो ऐकावयास उदात्त वाटतो. शिवाय तो मान्य करण्यास कांहींच करावें लागत नाहीं. वार्धक्य ही जर योजना असेल, तर तिच्यांत हात घालणें हा उद्धटपणा ठरेल. परंतु ती जर केवळ हयगय असेल, तर तिच्यापुढें हात जोडण्याचें कारण राहत नाहीं. "हें नैसर्गिक आहे" असें म्हणून जे लोक बोलणें संपवितात, त्यांना एवढेंच विचारावें कीं, देवीचा रोग काय कृत्रिम होता?

ही सारी चर्चा मला पुनः करावी लागली ती एका विद्यार्थिनीमुळें. गेल्या उन्हाळ्यांत तिला अमेरिकेंतील एका संशोधनसंस्थेंत वार्धक्याच्या जीवशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेंत दहा आठवडे काम करण्याची संधि मिळाली. हल्लीं याला इंटर्नशिप म्हणतात. आमच्या घरांतून वाढलेला शब्द उमेदवारी. वकिलाकडे, वैद्याकडे, छापखान्यांत, सराफाच्या पेढीवर मुलगा उमेदवारी करीत असे, आणि प्रथम कांहीं दिवस त्याला दुकान झाडण्यापलीकडे काम मिळत नसे. प्रयोगशाळेंतील उमेदवारी याहून फारशी वेगळी नाहीं, हें तिच्या पत्रांवरून मला कळलें. तिची संस्था कोणती हें सांगण्याचें येथें कारण नाहीं. अशा कामाची रीत सर्वत्र साधारण सारखीच असते.

तिच्या वांट्याला आला एक कृमि. सीनोरॅब्डायटिस एलेगन्स असें त्याचें लांबलचक नांव, आणि लांबी सुमारें एक मिलिमीटर. तीन-चार दिवसांत तो प्रौढ होतो, सुमारें तीनशें अंडीं घालतो, आणि वीस अंश उष्णतामानांत दोन-तीन आठवड्यांत म्हातारा होऊन मरतो. त्याच्या प्रौढ शरीरांत जननपेशी सोडून बरोबर ९५९ पेशी असतात. इतका मोजलेला प्राणी दुसरा क्वचितच असेल. १९९३ सालीं सिंथिया केन्यन व त्यांचे सहकारी यांनीं या कृमीच्या एकाच जनुकांत बदल झाला कीं त्याचें आयुष्य दुपटीहून अधिक वाढतें असें प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून त्याची कीर्ति फार वाढली. वाढलेलें आयुष्य तो अंथरुणास खिळून काढीत नाहीं, तर वळवळत, हालचाल करीत घालवितो, हें त्या शोधाचें खरें मर्म.

आतां उमेदवाराचें काम काय? पारदर्शक बशींत खळीसारखा थर, त्यावर जिवाणूंची पातळ साय; हेंच त्या कृमीचें घर आणि हेंच अन्न. उमेदवारानें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून प्लॅटिनमच्या तारेच्या टोकानें एकेक कृमि उचलावा आणि नव्या बशींत ठेवावा, कारण तसें केलें नाहीं तर आई आणि मुलें एकत्र मिसळून कोण किती दिवसांचा हेंच कळेनासें होतें. मग नित्य नेमानें प्रत्येकास त्या तारेनें हलकेंच स्पर्श करावा. हलला तर जिवंत. न हलला तर पुनः स्पर्श करावा. तरीहि न हलला तर वहींत त्याच्या नांवें त्या दिवसाचा मृत्यु मांडावा. असे शेंकडों कृमि, आणि असे कित्येक दिवस. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीनें सकाळीं उठून मृत्यु मोजावयास जावें, यांत कांहींतरी विपरीत आहे असें प्रथम मला वाटलें.

परंतु विचार करतां, नीतिशास्त्राच्या माझ्या तासांतून तिला जें मिळालें नसेल तें या वहींतून मिळालें असावें. कांहीं कृमि बशीच्या कडेवर चढतात आणि तेथें वाळून जातात. कांहींच्या पोटांतच अंडीं फुटतात आणि पिलें आईला आंतून खातात. हे मृत्यु वार्धक्याचे नव्हेत; ते हिशेबांतून वेगळे काढावे लागतात. पण वेगळे कोणते काढावयाचे? येथें माणसाची परीक्षा होते. जो कृमि औषध देऊनहि लवकर मेला, तो "कडेवर चढला असावा" असें म्हणण्याचा मोह किती सोपा आहे! एक इकडे, एक तिकडे. खोटें असें कांहींच लिहावें लागत नाहीं, फक्त शंकेचा फायदा आपल्या आवडत्या बाजूला द्यावयाचा. यासाठीं चांगल्या प्रयोगशाळेंत बशांवर केवळ खुणेचे आंकडे असतात. औषध कोणत्या बशींत आणि साधें पाणी कोणत्या, हें मोजणारास ठाऊक नसतें. फळाकडे न पाहतां कर्म करावें, हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतों, आणि फळाकडे पाहण्याची एकहि संधि दवडीत नाहीं. त्या प्रयोगशाळेनें माणसाच्या वैराग्यावर विसंबून न राहतां बशीवरचें नांवच झांकून टाकलें, ही मला फार शहाणपणाची व्यवस्था वाटते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवरून आम्हीं नांवें काढून टाकलीं तीं याच कारणास्तव, आणि तीं काढून टाकल्यावरच आमचा न्यायीपणा बराच सुधारला, हें जातां जातां कबूल करावयास हरकत नाहीं.

विद्यार्थिदशेंत मोठे शोधहि लागतात, हें खरें. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या हाताखालीं शिकणाऱ्या कॅरोल ग्रायडर यांना १९८४ च्या नाताळाच्या दिवशीं, तळ्यांत राहणाऱ्या एका एकपेशी जिवावर काम करतांना, गुणसूत्रांचीं टोकें पुनः बांधून काढणाऱ्या द्रव्याची पहिली खूण दिसली. पेशी पन्नास वेळांच कां दुभंगते, या कोड्याची एक किल्ली तेथें होती. २००९ सालीं त्या दोघींना जॅक शोस्टाक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु अशा गोष्टी मुलांना सांगतांना आपण नाताळचा दिवस सांगतों आणि त्याच्या आधीचे, कांहींच न दिसलेले महिने गाळतों. बहुतेक उमेदवारांच्या नशिबीं ते महिनेच असतात.

तिच्या जाण्यास घरांतून विरोध नव्हता. पण दोन आक्षेप निघाले, आणि दोन्ही माझ्यापुढें आले. पहिला तिच्या आजोबांचा. ते म्हणाले, "आमच्या देशांतलीं पोरें क्षयानें मरतात, आणि ही तिकडे जाऊन श्रीमंतांचीं वर्षें वाढविणार!" आक्षेप वजनदार आहे. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें एक चतुर्थांश आज भारतांत आहेत. शिवाय या शास्त्रामागचा पैसा कोठून येतो हें पाहिलें तर त्यांच्या शंकेस बळच मिळेल. कॅलिफोर्नियांतील मरिन हा परगणा अत्यंत धनाढ्य. तेथील बेरिल बक नांवाची बाई १९७५ सालीं वारली आणि आपली संपत्ति त्याच परगण्यांतील गरजूंसाठीं व इतर धर्मादाय कार्यांसाठीं ठेवून गेली. ती संपत्ति एका तेलकंपनीच्या भागांत होती. १९७९ मध्यें ती कंपनी विकली गेली आणि लाखांचे कोटी झाले. तेव्हां ज्या न्यासाकडे हा पैसा होता तो न्यायालयांत गेला आणि म्हणाला कीं, एवढा पैसा एवढ्या श्रीमंत परगण्यांतच खर्च करणें व्यर्थ आहे. शेजारच्या गरीब वस्त्यांवरहि तो खर्च करण्याची मुभा द्यावी. १९८६ सालीं तो दावा निघाला. देणाऱ्याचा शब्द तो शब्द. पैसा मरिनमध्येंच राहिला. त्याच पैशांतून पुढें वार्धक्याच्या संशोधनासाठीं एक मोठी संस्था निघाली आणि १९९९ मध्यें नोव्हाटो येथें तिचें दार उघडलें. मृत्युपत्राच्या दृष्टीनें निकाल बरोबर असेल. शेजारच्या वस्तींतील दरिद्री माणसाला तो काय वाटला असेल, हें सांगावयास न्यायाधीश लागत नाहीं.

असें असूनहि आजोबांचें म्हणणें मला शेवटपर्यंत पटलें नाहीं. म्हातारपण हें श्रीमंतांचें दुखणें आहे ही समजूतच मुळांत जुनी झाली. १९४१ ते ५१ च्या दशकांत भारतांत जन्मणाऱ्या मुलाची सरासरी आयुर्मर्यादा सुमारें ३२ वर्षें होती. आज ती सत्तरीच्या आसपास आहे, आणि साठी ओलांडलेलीं माणसें या देशांत सुमारें पंधरा कोटी आहेत. त्यांतील निवृत्तिवेतन घेणारे किती? माझे गुडघे धरले तर मी खुर्चींत बसून शिकवीन. हमालाचे गुडघे धरले कीं त्याची मजुरी गेली. भात लावणाऱ्या बाईची पाठ वांकली कीं ती सुनेच्या हातच्या भाकरीकडे पाहत बसते. ज्याचें पोट हातावर आहे त्याच्या दृष्टीनें हातांतली शक्ति जाणें हाच खरा पहिला मृत्यु, आणि तो विम्याच्या कोष्टकांत मांडलेला नसतो. दुसरें असें कीं, एकेक रोग वेगळा धरून लढण्यास मर्यादा आहे. अमेरिकेपुरतें गणित करून दाखविण्यांत आलें आहे कीं, कर्करोग समूळ नाहींसा झाला तरी सरासरी आयुष्य सुमारें तीनच वर्षांनीं वाढेल. कारण त्यांतून वाचलेल्यास हृदयरोग, अर्धांगवायु, स्मृतिभ्रंश हे पुढच्या वळणावर उभेच असतात. या सर्वांच्या मुळाशीं जें एक समान आहे तिकडे कोणीतरी पाहिलें पाहिजे.

आणि ज्ञान कोणाच्या उपयोगीं पडेल हें त्याचें गांव पाहून सांगतां येत नाहीं. ईस्टर बेटावरची माती १९६४ सालीं एका कॅनेडियन तुकडीनें गोळा करून नेली. तींतील एका जिवाणूपासून मूळचे पंजाबचे सुरेन्द्रनाथ सहगल यांनीं मॉन्ट्रियलमध्यें बुरशीस मारणारें एक द्रव्य वेगळें काढलें. पुढें तेथील प्रयोगशाळा बंद झाली तेव्हां त्यांनीं तो जिवाणु घरच्या शीतपेटींत जपून ठेवला होता. १९९९ मध्यें तें द्रव्य मूत्रपिंडाचें आरोपण झालेल्या रोग्यांसाठीं औषध म्हणून मान्य झालें. आणि २००९ मध्यें, सहगल वारल्यानंतर सहा वर्षांनीं, अमेरिकेंतील तीन निरनिराळ्या ठिकाणीं एकाच वेळीं केलेल्या प्रयोगांत, सहाशें दिवसांच्या म्हाताऱ्या उंदरांस तें खाऊं घातलें असतां ते अधिक जगले. तरी उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि रोगप्रतिकारशक्ति मंद करणारें तें औषध निरोगी माणसानें घ्यावें असें म्हणण्यास आज आधार नाहीं. अशा गोळ्या विकणाऱ्यांच्या जाहिराती मात्र पुराव्याची वाट पाहत नाहींत.

दुसरा आक्षेप तिचा स्वतःचा होता, आणि तो मला अधिक सखोल वाटला. तिनें लिहिलें, "सर, ययातीच्या गोष्टींत पुरूला काय मिळालें?" आपणां सर्वांना ती कथा ठाऊक आहे. शुक्राचार्यांच्या शापानें म्हातारा झालेल्या ययातीनें मुलांकडे तारुण्य मागितलें, यदु, तुर्वसु, द्रुह्यु आणि अनु यांनीं नकार दिला, पुरूनें दिलें. हजार वर्षांनीं बापानें तें परत केलें आणि राज्यहि त्यालाच दिलें. नकार देणारे शाप घेऊन बसले. शेंकडों वर्षें आपण पुरूची आज्ञाधारकता गात आलों. त्या चौघांनीं कांहीं गैर मागितलें होतें काय, हें कीर्तनांत कोणी विचारीत नाहीं.

विज्ञानानें ही कथा अलीकडे अगदीं शब्दशः करून पाहिली. २००५ सालीं स्टॅनफर्ड येथें म्हातारा व तरुण अशा दोन उंदरांचें रक्ताभिसरण एकमेकांस जोडण्यांत आलें, आणि म्हाताऱ्याच्या स्नायूंची दुखापत अधिक चांगली भरून येते असें दिसलें. २०११ मध्यें अशाच प्रयोगांत दुसरी बाजूहि दिसली: तरुण उंदराच्या मेंदूंत नव्या पेशी निर्माण होण्याचें प्रमाण घटलें. पुढें अमेरिकेंत तरुणांच्या रक्तांतील द्रव विकावयास काढणारे निघाले. २०१९ च्या फेब्रुवारींत तेथील सरकारी औषध खात्यास लोकांना सावध करावें लागलें कीं, याचा फायदा सिद्ध झालेला नाहीं. तरीहि २०२३ मध्यें एका धनिकानें आपल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या रक्तांतील द्रव स्वतःच्या शरीरांत घेतला, आणि कांहीं फायदा दिसला नाहीं असें सांगून पुढें तें बंद केलें. महाभारतकारांना यांत नवीन कांहींच वाटलें नसतें.

माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न रक्ताचा नव्हता, वर्षांचा होता. ऐन तारुण्याचीं दहा-पंधरा वर्षें या शास्त्रास द्यावयाचीं, आणि त्यांतून जें निघेल त्यानें आमच्यासारखे लोक आणखी वीस वर्षें आपापल्या खुर्च्या धरून बसावयाचे, हा व्यवहार तिला कितपत न्याय्य वाटावा? ज्या देशांत ती गेली तेथें प्राध्यापकांच्या सक्तीच्या निवृत्तीचा नियमच १९९४ पासून उठला आहे. मला निवृत्त होण्यास आतां थोडींच वर्षें उरलीं आहेत, आणि माझ्या मागें तात्पुरत्या नेमणुकीवर राबणारे, पोरांबाळांचे बाप झालेले शिक्षक मी रोज पाहतों. ययातीला निदान मागावें तरी लागलें. आम्हीं न मागतांच घेतों.

तिला मीं लिहिलें तें असें. पुरूनें होकार दिला म्हणून प्रत्येक मुलानें तो द्यावा असें नाहीं. हें काम तुझें कर्तव्य आहे असें सांगण्याचा अधिकार कोणाहि वडील माणसास नाहीं, मला तर नाहींच. परंतु खुर्चीचा प्रश्न आणि गुडघ्याचा प्रश्न एक नव्हेत. जेम्स फ्राइज यांनीं १९८० सालीं एक विचार मांडला होता: आयुष्य फार न वाढवितां शेवटचीं परावलंबी वर्षें आंखडतां आलीं तर तें पुष्कळ झालें. मला स्वतःला एवढ्यांत समाधान आहे. याहून अधिक कोणास हवें असेल तर त्यानें आधीं त्या वर्षांत काय करणार हें सांगावें. खुर्च्या रिकाम्या करण्याचें काम कायद्यानें करावें, सभ्यतेनें करावें. तें काम संधिवाताकडे आणि मोतीबिंदूकडे सोंपविणारा समाज तरुणांस न्याय देतो असें नाहीं, वृद्धांस मात्र दुहेरी शिक्षा करतो.

आणखी एक गोष्ट मीं तिला कळविली, कारण ययातीच्या कथेंत ती नाहीं. बॉल्टिमोर येथें १९५८ सालीं एक अभ्यास सुरू झाला व तो अजून चालू आहे. त्यांत सामील होणारे लोक आपखुशीनें येतात. ठराविक काळानें येऊन आपलें रक्त, श्वास, दृष्टि, स्मरणशक्ति मोजूं देतात, आणि वर्षानुवर्षें पुनः पुनः येत राहतात. आपण कसे म्हातारे होतों हें दुसऱ्या कोणास तरी कळावें एवढ्याचसाठीं. पहिल्या काळांतील कित्येक आतां हयात नाहींत. त्यांचे आंकडे आहेत, आणि तिच्या वयाचीं मुलें ते आज वाचतात. येथें म्हाताऱ्यांनीं तरुणांस दिलें आहे, आणि ज्यांना दिलें त्यांचीं नांवेंहि त्यांना ठाऊक नव्हतीं. दोष एकच, आणि तो तिच्या नजरेंतून सुटला नाहीं. उलट टपालीं तिचें उत्तर आलें: पहिलीं वीस वर्षें, १९७८ पर्यंत, त्या अभ्यासांत एकहि स्त्री घेतलेली नव्हती, तेव्हां आजीचें म्हातारपण कोणत्या आंकड्यांवरून समजून घ्यावें, तें सांगा.